दोनशे सोळा मेंढ्यांची वळकटी

"लग्न कुणाचं म्हणायचं हे?" अल्बमचं पहिलं पान उलटून तात्यारावांनी विचारलं.

लिंबाजी टेबलासमोर हात बांधून उभा होता. टेबलावर जाड पुठ्ठ्याचे तीन अल्बम होते आणि तिन्हींवर सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' छापलेलं होतं. जिंतूरच्या बाजारात दुसरे मिळालेच नव्हते. आत काळ्या पानांवर, कोपऱ्यांना खाचा लावून, पातळ कागदाच्या पडद्याआड एकेका पानावर चार-चार मेंढ्या बसवल्या होत्या.

"लगीन न्हाई साहेब. योजनेच्या मेंढ्या हायत. दोनशे सोळा."

"मेंढ्या आहेत ते दिसायलंय मला. त्यांना नवरीसारखं पडद्यात कामून बसवलं?"

लिंबाजी जिंतूरचा फोटोवाला. वीस वर्षं तो जिंतुरात फोटो काढत होता. लग्नं, बारशी, शाळेचे गट, झालंच तर चारठाण्याच्या जुन्या देवळांचे खांब. फोटो चारपेक्षा जास्त झाले की ते अल्बमात लावून द्यायचे, एवढाच त्याचा धर्म. मेंढ्यांसाठी वेगळा धर्म असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तात्याराव हे योजनेच्या परभणीच्या कचेरीतले मोठे बाबू. माणूस वाईट नव्हता, पण कागदाच्या बाबतीत कुणाच्या बापाला भीत नव्हता. त्यांनी तिन्ही अल्बम उचलून मागच्या लोखंडी कपाटात घातले, दार लावून पाहिलं, खांद्याने रेटून पाहिलं. दार लागलं नाही. मग ते शांतपणे म्हणाले, "बघा. कचेरीत जी वस्तू कपाटात मावत नाही ती आलीच नाही असं धरतात. फॉर्म घेऊन जा. एका मेंढीला एक फॉर्म. वर नंबर लिहायचा, खाली चौकटीत फोटो चिकटवायचा. चौकटीबाहेर शेपूट गेलेलं चालणार नाही."

"जी."

"आणि मुदत ध्यानात ठेवा. फोटो आले नाहीत तर मेंढ्या परत घ्याव्या लागतील. दुसऱ्या गावाचा अर्ज येऊन पडलाय."

हे तात्यारावांनी बसच्या वेळेसारखं सहज सांगितलं, लिंबाजी मात्र फॉर्म मोजता मोजता थांबला. चारठाण्यापलीकडच्या मेंढपाळांच्या वस्तीवर बारा घरांना सरकारी योजनेतून अठरा-अठरा मेंढ्या मिळाल्या होत्या. त्या खरोखर त्याच घरांत जिवंत आहेत याचा पुरावा म्हणून एकेकीचा फोटो, कानातल्या नंबराच्या बिल्ल्यासकट, कचेरीला हवा होता. आपल्या एका चुकीने बारा घरांचा मेंढवाडा रिकामा होईल, हे त्याला काम घेताना कुठं ठाऊक होतं?

खरं तर ते फोटो काढतानाच त्याची हबेलंडी उडाली होती. कचेरीने मोजून अठरा रोल दिले होते. एका रोलात बारा फोटो, म्हणजे दोनशे सोळा मेंढ्यांना दोनशे सोळाच. एकही वाया घालवायची सोय नव्हती. देवळाचा खांब कसा, सांगितलं नाही तरी हलत नाही. मेंढी मात्र बटण दाबायच्या क्षणाचीच वाट बघत उभी असते. त्यातून लिंबाजीच्या डब्यासारख्या कॅमेऱ्यात वरून वाकून बघायचं, आणि काचेत डावं ते उजवं दिसायचं. मेंढी डावीकडे सरकली की हा उजवीकडे धावायचा. बारा घरची माणसं कामधंदा सोडून ही मौज बघायला जमली होती.

शेवटी वस्तीवरच्या आश्रुबाची बायको कोंडाबाई पुढे झाली. पन्नाशीची, काटक बाई. सगळ्या वस्तीच्या मेंढ्या एकाच कळपात चरायच्या आणि कळप नवरा-बायको हाकायचे, म्हणून दोनशे सोळाही तिला घरच्या सुनांसारख्या ठाऊक होत्या. काळ्या मेंढीचा लांब कान खाली पडलेला, त्यात बिल्ला दिसायचा नाही. कोंडाबाई एका हाताने कान वर धरायची, जिभेने टक्‌टक् असा आवाज काढायची आणि मेंढी गुमान उभी राहायची.

"बाई, तुमी जरा बाजूला व्हा. माणूस दिसला न्हाई पायजे," लिंबाजी म्हणाला.

"कामून? माणसाचं काय वावडं हाय सरकारला?"

"माणूस दिसला की मालक कोण आसा सवाल उटतो मनं. जनावर एकटंच पायजे."

कोंडाबाई हसली आणि जमेल तितकी बाजूला झाली. पुढच्या मेंढीला लिंबाजी पुन्हा म्हणाला, "बाई, बाजूला." दुपारपर्यंत आणि दुपारनंतर, दोन दिवस, तो हेच म्हणत राहिला. दर वेळी ती अंग मागे घ्यायची, डोक्यावरचा पदर ओढून धरायची आणि फक्त हात पुढे ठेवायची.

शेवटच्या मेंढीचा फोटो निघाला तेव्हा कोंडाबाईने पदराने तोंड पुसलं. "फोटोवाले भाऊ, आता माजा बी एक काडा. जल्मात कवा काडला न्हाई."

लिंबाजीने कॅमेरा उलटून दाखवला. "रोल सपला बाई. मोजून दिल्यात सायबानं."

"आसं व्हय."

"पुढल्या खेपंला काढतो की. चांगला बसवून काढतो."

"तवर केस आणखी पांढरे व्हतील," ती म्हणाली आणि मेंढ्या घेऊन गेली.

तर आता फॉर्म. लिंबाजीने घरी येऊन अल्बमातल्या मेंढ्या काढल्या आणि कात्रीने चौकटीच्या मापाच्या कापल्या. मेंढीचं तोंड, कान आणि कान धरलेला हात एवढंच उरलं. त्याची बायको सरजाबाई हिने ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून दिली. घरभर फॉर्म वाळत पडले. जेवायलासुद्धा जागा उरली नाही.

"लोकाचे नवरे नवरीचे फोटो लावायलेत," सरजाबाई म्हणाली, "आन् आमच्या घरात हे. झोपंतबी समद्या माझ्याकडंच बगायल्यात."

दोनशे सोळा फॉर्म, एक फाईल, तिला नाडी. ती कपाटात मावली. दार लागलं. तात्यारावांनी मान डोलावली. लिंबाजी त्या दिवशी परभणीच्या स्टेशनबाहेर दोन भजी जास्त खाऊन घरी गेला.

पंधरा दिवसांनी निरोप आला, निघून या.

कचेरीत तात्याराव डोक्याला हात लावून बसले होते. टेबलावर डावीकडे दोनशे सोळा फॉर्म होते आणि उजवीकडे, सुपात पाखडायला घेतल्यासारख्या, दोनशे सोळा सुट्या मेंढ्या. सरजाबाईने खळ चविष्ट केली असावी. कपाटातल्या उंदरांनी नाडीला धक्का न लावता, फॉर्म न कुरतडता, नेमकी खळ तेवढी चाटूनपुसून खाल्ली होती. फोटोमागे लिंबाजीने पेन्सिलीने लिहिलेले नंबरही खळीबरोबर गेले होते.

"घाबरू नका," तात्याराव म्हणाले. "कानात बिल्ला आहे ना? भिंग घ्या. नंबर वाचा आणि लावा परत."

लिंबाजीने भिंग घेतलं. पहिल्या मेंढीच्या कानावर अंगठा होता. दुसरीच्याही. तिसरीच्याही. त्याने भिंग पुसून पुन्हा लावलं. काढताना तो मेंढीच्या पायांकडे बघत होता, कानाकडे त्याचं लक्षच नव्हतं. प्रत्येक कान कोंडाबाईने अगदी मायेने वर धरला होता आणि अंगठा बरोब्बर बिल्ल्यावर ठेवला होता. दोनशे सोळांपैकी सात ठिकाणीच नंबर वाचता येत होता, कारण त्या सात मेंढ्यांनी वेळेवर मान झटकली होती.

"काढताना नंबर टिपून घेतले नव्हते?"

"घेतल्ते की. रोलच्या खोक्यांवर. एका खोक्यावर बारा."

"मग खोकी?"

खोक्यांवर सरजाबाईने कधीच चूल पेटवली होती. लिंबाजीने तेही सांगितलं. तात्यारावांनी टेबलावरच्या मेंढ्यांकडे एकवार पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "आठ दिवस आहेत तुम्हाला. मेंढी आणि नंबर जुळले तर जुळले. नाही तर माझ्या हातात काही राहत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत मेंढ्या घेऊन लिंबाजी वस्तीवर गेला. आश्रुबा लिंबाखाली लोकर कातत बसला होता. लिंबाजीने सगळं सांगितलं. शेवटी त्याला राहवलं नाही. "बाई, सगळ्या बिल्ल्यांवर तुमचा अंगठा हाय. कामून?"

"जखम वली व्हती ना," कोंडाबाई म्हणाली. "नुकताच बिल्ला टोचलेला. माशी बसली की किडं पडत्यात. मनून अंगठा ठिवला. तुमी कवा मनले आंगठा काडा मनून? बाजूला व्हा मनले, मी झाले."

लिंबाजीने कपाळाला हात लावला. कोंडाबाईने त्याच्या पुढ्यातली पिशवी ओढली, मूठभर फोटो काढले आणि उन्हाकडे धरले.

"ही म्होरकी," ती म्हणाली. "ही काजळी. ही म्होरकीची लेक, माय दिसल्याबिगर पानी पीत न्हाई. ही कोन... हां, ही कमलबाईच्या घरची, हिला खोकला हाय."

"फोटूवरून वळखायलाव?"

"फोटूत काय तिचं तोंड बदललं का?"

लिंबाजीला तर दोनशे सोळा फोटोंत एकच काळी मेंढी दोनशे सोळा वेळा दिसत होती. तो तसाच उलट्या पावली परभणीला गेला. तात्यारावांना खरं वाटलं नाही. नंबर न वाचता मेंढी ओळखली यावर सही करायची कशी? शेवटी ते म्हणाले, "मी स्वतः येतो. माझ्या डोळ्यांसमोर जुळलं तर सही करीन."

ठरल्या दिवशी पहाटेच्या एसटीने तात्याराव आले. पांढरी पँट, काखेत फाईल. वाड्यातून अजून मेंढ्या सोडल्या नव्हत्या. वाड्यासमोर कोंडाबाईने चार घोंगड्या एकापुढे एक अंथरल्या आणि त्यांवर फोटो मांडायला घेतले. घरवार नाही, नंबरवार नाही. सकाळी मेंढ्या वाड्यातून ज्या क्रमाने बाहेर पडतात त्या क्रमाने. म्होरकी आधी, मग तिची लेक, मग काजळी. तात्याराव मागे उभे राहून मांडणी बघत होते. एकदा ती वळली तेव्हा त्यांनी वाकून एक फोटो उचलला आणि हळूच खिशात टाकला. लिंबाजीने ते पाहिलं आणि त्याची पाचावर धारण बसली.

"सोडा," तात्याराव म्हणाले.

आश्रुबाने वाड्याच्या तोंडावरचं काट्यांचं झाप जरासं सरकवलं, एका वेळी एकच मेंढी निघेल एवढं. मेंढी आली की तो मान धरायचा. लिंबाजी कानातला नंबर मोठ्याने वाचायचा, कोंडाबाई घोंगडीवरचा फोटो उचलून द्यायची आणि तात्याराव मांडीवर फाईल ठेवून फोटोमागे शाईने नंबर लिहायचे. पहिल्या दहा मेंढ्यांना ते दर वेळी फोटो डोळ्यांसमोर धरून मेंढीच्या तोंडाशी जुळवून बघत. विसाव्या मेंढीनंतर त्यांनी ते सोडून दिलं. पन्नासावीच्या पुढे ते नुसते लिहीत होते. चांगल्या पँटवर लेंड्या पडल्या तरी त्यांना कळलं नाही.

ऐंशीच्या आसपास एक मेंढी आली. लिंबाजीने नंबर वाचला. कोंडाबाईने घोंगडीकडे पाहिलं आणि फोटो न उचलता तात्यारावांपुढे हात पसरला.

"काय?" तात्यारावांनी विचारलं.

"साहेब, ही तुमच्या खिशात हाय."

वस्तीवरची माणसं हसली. तात्यारावही हसले, कचेरीत लिंबाजीने त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी खिशातला फोटो काढला, मेंढीकडे पाहिलं आणि मागे नंबर लिहिला. ऊन डोक्यावर यायच्या आत दोनशे सोळा जुळल्या. एकही उरली नाही, एकही कमी पडली नाही. लिंबाजीला वाटलं, आता इथंच मातीत बसून पोटभर रडावं.

"पण आता ठेवायच्या कशा?" तात्याराव म्हणाले. "फॉर्मावर चिकटवलं की उंदीर. अल्बम मावत नाही. सुट्या ठेवल्या तर पुन्हा सांडणार."

"चिटकवता कामून?" कोंडाबाई म्हणाली. "टाका मारा."

तिने घरातून जुनं नऊवारी लुगडं आणलं. ते लांबीत फाडून वीतभर रुंदीच्या दोन पट्ट्या टोकाला टोक जोडल्या. वस्तीतल्या चार बाया बसल्या, लोकरीच्या धाग्याने एकेका फोटोच्या चारी कोपऱ्यांना टाका घातला, चालीच्या क्रमाने, एकीमागे एक. प्रत्येकीच्या खाली तात्यारावांनी स्वतः शाईने नंबर लिहिला. म्होरकीपासून सुरू झालेली रांग लुगड्याच्या शेवटच्या वितीला संपली. मग सगळं वळून सुतळीने बांधलं. बिछान्याची वळकटी असते तशी एक छोटी वळकटी झाली. तिच्यासाठी कुणीतरी बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला.

निघताना कोंडाबाई लिंबाजीला म्हणाली, "आज तरी फोटूचा डबा आणलाव का तुमचा?"

लिंबाजीने जीभ चावली. आज मेंढ्या जुळवायच्या म्हणून तो कॅमेरा घरीच ठेवून आला होता. "पुढल्या खेपंला, बाई. नक्की."

"बरं," ती म्हणाली.

वळकटीला कडेने शिवण घालून घेऊन मुदतीच्या शेवटच्या दिवशी लिंबाजी डबा घेऊन परभणीला पोचला, तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चाने रस्ता भरला होता आणि एसटी बाहेरच थांबली. मोर्चाही कचेऱ्यांकडेच चालला होता, म्हणून तो डबा खांद्यावर घेऊन त्यातूनच चालू लागला. शेजारच्या एका माणसाने थोडा वेळ डबा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि विचारलं, काय हाय यात? लिंबाजी म्हणाला, मेंढ्या. त्या माणसाने डबा कानाशी नेऊन हलवून पाहिला आणि परत दिला.

कचेरीत तात्यारावांनी वळकटी सोडली. ती टेबलावरून खाली उतरली, दारातून बाहेर गेली, व्हरांड्यातून शिपायाच्या माठापर्यंत पोचली. आतल्या खोलीतले बडे साहेब बाहेर आले, हात मागे बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि पाच मिनिटांत दोनशे सोळा मेंढ्या पाहून परत आले. असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. "हा नमुना बरा आहे," ते म्हणाले. पुढं म्हणे दोन-तीन गावांना कचेरीने फोटोंबरोबर एक जुनं लुगडंही मागितलं.

तात्यारावांनी शेवटी नियमाप्रमाणे शेरा लिहिला. लिंबाजीने तो उलटा वाचला. 'सर्व जनावरे समक्ष पाहिली. एकाही छायाचित्रात मनुष्य आढळला नाही.' खाली सही. मेंढ्या वस्तीवरच राहिल्या.

त्यानंतर सात-आठ वर्षं गेली. लिंबाजी चारठाण्याला देवळांचे फोटो काढायला दोनदा गेला, पण वस्तीकडे वळायचं राहून गेलं. एकदा एसटी गाठायची होती, एकदा ऊन फार होतं. दिवाळीनंतरच्या एका दुपारी स्टुडिओच्या पायरीवर कुणीतरी चपला काढल्या. आश्रुबा होता. खांद्यावर घोंगडी, दाढी वाढलेली.

"कोंडी गेली," तो म्हणाला. "म्हैना झाला."

लिंबाजीने त्याला खुर्ची दिली. आश्रुबा खालीच बसला.

"आता समद्यांच्या घरात भितीला फोटू आसतो. लेक म्हनायली, मायचा फोटू कुठाय? मी मनलो, फोटोवाल्याकडं आसंल. दोन दिस काढत व्हता की तुमी तिकडं."

लिंबाजीला तोंड वर करवेना. दोनशे सोळा वेळा आपण या बाईला बाजूला व्हायला सांगितलं, हे त्याला एकदम आठवलं. त्याला स्वतःची लाज वाटली. एक रोल पदरचा घातला असता तर काय बिघडलं असतं? तो उठला, माळ्यावरून निगेटिव्हचा डबा काढला आणि उगीच शोधल्यासारखं करत राहिला. शेवटी म्हणाला, "आश्रुबा, बाईचा फोटो न्हाई माझ्याकडं. समद्या मेंढ्याच हायत. तिचा निसता हात हाय."

"दाखवा की."

लिंबाजीने काळ्या पट्ट्या उजेडाकडे धरल्या. आश्रुबाने एकेक पट्टी सावकाश पाहिली, घाई नव्हती त्याला. पार तिसऱ्या डझनात तो थांबला. "ह्यो. हितं म्होरकीचा कान धरलाय बगा. पाटलीबी दिसायलीय."

लिंबाजीने तो मोठा करून द्यायचं कबूल केलं. आश्रुबाच्या देखत कागदावर चित्र उतरलं तेव्हा हात मधोमध आला होता. सुरकुत्यांचा, मनगटात पितळी पाटली, अंगठा कानावर. लिंबाजीने कापायची मोजपट्टी घेतली. "मेंढी कापून टाकतो. निसता हात ठिवतो. बरा दिसंल."

"नका," आश्रुबा म्हणाला. "तिनं धरलीय तिला. आसू द्या."

पुढच्या महिन्यात लिंबाजी मुद्दाम वस्तीवर गेला. कॅमेरा घेऊन गेला होता, काढायचं काही ठरलं नव्हतं. आश्रुबा कळपाबरोबर बाहेर होता. घराचं दार उघडं होतं आणि समोरच्या भिंतीला फोटो टांगलेला होता, झेंडूचा हार घातलेला. शेजारच्या कमलबाई पाण्याची घागर घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "नवे पाव्हणे आले की हासत्यात भाऊ. मेंढीला हार घातलाय मनत्यात."

लिंबाजी जवळ गेला. काचेवर कुंकू लावलेलं होतं. मेंढीच्या कपाळावर नाही, खाली, अंगठ्याच्या नखावर. रोज कुणीतरी तेवढ्याच जागी बोट टेकवत असावं, तिथली काच लाल झाली होती. त्याने चपला बाहेरच काढल्या होत्या. हात जोडले आणि तो बाहेर आला.